सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना स्वयंसेवक समजू नका : नाशिकच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्हा प्रशासन, महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना कामासाठी बोलावणारी जिल्ह्यातील सर्व कार्यालये

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात एका कार्यालयाकडून माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. येत्या सिंहस्थात मदत करण्यासाठी ‘मूकबधिरांची भाषा येणाऱ्या सेवाभावी स्वयंसेवकांची’ यादी हवी आहे, इच्छुकांनी नावे कळवावीत, ओळखपत्र, टोपी आणि दोन वेळचे भोजन मिळेल, असा त्याचा आशय होता. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार आणि सिंहस्थाच्या नियोजनात कर्णबधिर भाविकांची आठवण झाली हेही थोडे नाही. तरीही तो संदेश वाचून मी अस्वस्थ झाले. मी चौदा वर्षे हे काम करते आहे, त्यासाठी दोन वर्षांची पदविका घेतली आहे, भारतीय पुनर्वास परिषदेकडे माझी नोंदणी आहे, आणि इतके असूनही माझे काम टोपी व भोजनाच्या बदल्यात मागता येते असे जर कार्यालयांना वाटत असेल, तर त्यात इतकी वर्षे गप्प राहिलेल्या आम्हा दुभाष्यांचाही वाटा आहे. म्हणून हे पत्र टपालाने पाठवून न थांबता जाहीरपणे लिहीत आहे.

या कामाशी माझा संबंध घरातून आला. माझा थोरला भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. मी पंधरा वर्षांची असताना आमच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी आईला आणि मला बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली आणि ‘त्यालाही सांगा’ म्हणून ते निघून गेले. दादाने मला विचारले, तेव्हा डॉक्टरांचे शब्द माझ्या हातांतून निघेनात. मी त्याला ‘बाबा बरे होतील’ एवढेच सांगितले. वडील त्याच रात्री गेले. घरात सगळ्यांत मोठा असूनही ते जाणार आहेत हे सर्वांत शेवटी कळलेला तो होता. काही वर्षांनी त्याने एकदाच विचारले, ‘तुला माहीत होते ना?’ नात्यातल्या माणसाकडून, त्यातही लहान मुलाकडून, दुभाष्याचे काम का करून घेऊ नये, याचे यापेक्षा वेगळे उत्तर माझ्याकडे नाही. आजही कार्यालयांमध्ये ‘घरचे कोणी सोबत आणा’ असे सहज सांगितले जाते, तेव्हा मला तो व्हरांडा आठवतो.

दुभाषी म्हणजे हातवारे करून समजावणारी व्यक्ती, असा समज सर्वत्र आहे, म्हणून या कामाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि ते मराठीच्या व्याकरणाहून वेगळे आहे. काळ दाखवणारी खूण बहुधा आधी येते. कोण, कुठे, का हे प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी जातात, नकारही शेवटी येतो. भुवया, डोळे, ओठ आणि खांदे यांची हालचाल हा वाक्याचाच भाग असतो. त्यामुळे मराठी वाक्य पुरते ऐकल्याशिवाय त्याची नवी मांडणी करता येत नाही आणि ती करेपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. एक वाक्य हातांतून देत असताना दुसरे कानांत साठवायचे, समोरच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण उमटते आहे का ते पाहायचे, आणि समजले नसेल तर बोलणाऱ्याला थांबवायचे धाडसही करायचे, असे हे काम आहे. वीसेक मिनिटांनंतर मेंदू थकू लागतो आणि चुका वाढतात. विशेष म्हणजे त्या चुका करणाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाहीत. म्हणूनच दोन दुभाष्यांनी आळीपाळीने काम करावे, एक बोलत असताना दुसऱ्याने त्याच्यावर लक्ष ठेवावे, ही पद्धत जगभर रूढ आहे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार एकट्याने दिवसभर उभे करण्याची आहे. सकाळी दहा ते सायंकाळी पाच अशा शिबिराला एकच दुभाषी बोलावली जाते आणि जेवणाच्या सुट्टीतही अधिकारी आणि कर्णबधिर यांच्यातले बोलणे तिच्याच हातांतून जाते. मनगट, खांदे आणि मान यांचे दुखणे आमच्यापैकी बहुतेकांना जडले आहे, पण मी इथे माझ्या मनगटाबद्दल बोलत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात, सहाव्या तासाला, स्वयंरोजगाराच्या एका कर्जयोजनेची माहिती दिली जात होती. अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते आणि नंतर ती कर्जात वळती होते, असे अधिकारी सांगत होते. मी ‘तीन वर्षांनी रक्कम मिळते’ असे सांगितले. ‘कर्जात वळती’ हे माझ्या हातांतून निसटले. निफाडकडच्या एका तरुणाने त्यावर विसंबून घरच्यांशी पैशांचा व्यवहार ठरवला आणि पुढे बँकेत गेल्यावर त्याला खरे कळले. तो मला भेटायला आला तेव्हा रागावला नव्हता. ‘तू तसेच सांगितले होतेस’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चूक माझी होती आणि मी ती त्याच्याकडे आणि त्या कार्यालयाकडे कबूल केली. परंतु सहा तास एकटीने काम करणाऱ्या व्यक्तीकडून अशी चूक होणार हे ठरलेलेच असते, आणि तिची किंमत दुभाषी मोजत नाही, कर्णबधिर माणूस मोजतो.

दुसरी तक्रार पैशांची आहे आणि ती मांडताना मी संकोच करणार नाही. आमच्या कामाला जिल्ह्यात ठरलेला दर नाही. कुठे अर्ध्या दिवसाचे पाचशे रुपये मिळतात, कुठे पुष्पगुच्छ आणि प्रशस्तिपत्र. एका कार्यालयाने मला सांगितले की तीन दुभाष्यांची कोटेशन आणा, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला बोलावू. जबाब नोंदवायचा असो की शस्त्रक्रियेची संमती घ्यायची असो, स्वस्तात स्वस्त दुभाषी शोधणे म्हणजे कर्णबधिर नागरिकाच्या जिवाची आणि स्वातंत्र्याची बोली लावणे आहे. प्रवासाचा खर्च धरला जात नाही. सुरगाण्याला किंवा मालेगावला जाऊन येण्यात दिवस जातो आणि हिशेबात कामाचा एक तास धरला जातो. सुनावणी पुढे ढकलली गेली तर दिवसभर बाकावर बसून काढलेल्या वेळेचे काहीच मिळत नाही. बिल दिल्यानंतर ‘निधी आला नाही’ हे उत्तर मी एकदा सात महिने ऐकले आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारासंबंधीच्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनी मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे : जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवावी आणि त्यांचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये, असे ते नियम स्पष्टपणे सांगतात. एका कायद्याखाली जे मान्य आहे ते इतर सर्व कामांना लागू करायला काय हरकत आहे, हे मला समजलेले नाही.

बसण्याची जागा, प्रकाश आणि आधी मिळायची माहिती याबद्दल थोडक्यात सांगते. भाषण आधी मिळत नाही, दुभाष्याला व्यासपीठाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभे केले जाते, छायाचित्रकार मध्ये येतात आणि चित्रफितीत आमचा चौकोन इतका लहान असतो की बोटे दिसत नाहीत. हे सर्व एका बैठकीत सुधारता येण्यासारखे आहे.

आमच्या भूमिकेबद्दलचा गैरसमज मात्र इतका सोपा नाही. मी दुभाषी म्हणून गेलेल्या ठिकाणी मला पंच म्हणून सही करायला सांगण्यात आले आहे, अर्ज भरून द्यायला सांगण्यात आले आहे, आणि ‘तुम्हीच समजावा, तुमचे ऐकेल’ असे म्हणून कबुलीजबाबासाठी मन वळवायलाही सांगण्यात आले आहे. दुभाष्याला यांतले काहीही करता येत नाही. ती कोणाच्याही बाजूची नसते. जे बोलले गेले ते पूर्णपणे पोहोचवणे आणि जे ऐकले ते कोणालाही न सांगणे, एवढेच तिचे काम असते. याच बंधनामुळे या पत्रात मी प्रकरणांचे तपशील देत नाही. एकच बाब सांगते, कारण ती प्रत्येक तपास अधिकाऱ्याने जाणून घेतली पाहिजे. कर्णबधिर व्यक्ती समोरच्याचे बोलणे पाहताना मान हलवत राहते. ‘मी पाहतो आहे, पुढे सांगा’ इतकाच तिचा अर्थ असतो. जबाब लिहिणाऱ्याने ती मान ‘होय’ म्हणून नोंदवली, की न केलेला गुन्हा कबूल केल्याची नोंद होते. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराची साक्ष घेताना न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि त्या जबाबाचे चित्रीकरण करावे, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये म्हटले आहे आणि जुन्या कायद्यातही २०१३ पासून तशी तरतूद होती. ती अमलात येण्यासाठी न्यायालयीन भाषा जाणणारा दुभाषी आधी तयार व्हावा लागतो.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. ‘जामीन’ आणि ‘जामीनदार’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’, ‘गाठ’ आणि ‘कर्करोगाची गाठ’ यांतला फरक खुणांनी दाखवायचा तर आधी तो विषय स्वतःला समजलेला असावा लागतो. अनेक कायदेशीर आणि वैद्यकीय संज्ञांसाठी सर्वमान्य खूण रूढ नाही, त्या कर्णबधिर व्यक्तींबरोबर बसूनच घडवाव्या लागतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ मध्ये झाली. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते, २०२१ पर्यंत ते दहा हजार झाले. भाषा वेगाने वाढते आहे. पदविका घेऊन बारा वर्षे झालेली दुभाषी तेव्हाच्याच शिदोरीवर काम करत राहिली तर ती मागे पडणारच. पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी आम्हाला सातत्याने प्रशिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, ही अट योग्यच आहे, पण ती प्रशिक्षणे मुंबईत, पुण्यात, दिल्लीत होतात. पहाटे उठून नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस गाठायची, त्या दिवसाचे काम बुडवायचे, शुल्क आणि प्रवास स्वतःच्या खिशातून करायचा, असे मी वर्षानुवर्षे करते आहे. माझ्यासोबत काम सुरू केलेल्या दोघींनी याच कारणाने काम सोडले. त्यांतली एक आज शिकवण्या घेते. तिच्याइतके नितळ हात मी फार थोड्यांचे पाहिले आहेत.

हे ज्या शहरात घडते त्या शहरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्याचे पोलीस उपनिरीक्षक जिथे घडतात ती महाराष्ट्र पोलीस अकादमीही आहे. दूरशिक्षण, आरोग्य आणि पोलीस या तिन्ही क्षेत्रांच्या राज्यस्तरीय संस्था असलेल्या नाशिकमध्ये दुभाष्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र उभे राहू शकत नसेल, तर राज्यात दुसरे कोणते शहर त्यासाठी अधिक योग्य आहे? जिल्हा प्रशासनाने या संस्थांना एकत्र बसवावे, एवढीच पहिली पायरी आहे.

प्रशिक्षणाबद्दल बोलताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर असे कर्णबधिर स्त्री-पुरुष आहेत जे कधी शाळेत गेलेले नाहीत. त्यांच्या घरात रुजलेल्या खुणा फक्त त्या घरालाच कळतात आणि माझी पदविका तिथे अपुरी पडते. अशा वेळी प्रशिक्षित कर्णबधिर दुभाषी सोबत असावा लागतो. तो त्या व्यक्तीच्या खुणांचा अर्थ जितका पकडतो तितका ऐकू येणारा दुभाषी पकडू शकत नाही. तो सांकेतिक भाषेत मला सांगतो आणि मी मराठीत बोलते, अशी ही दोघांची साखळी असते. अशी साखळी मी माझ्या कारकिर्दीत मोजक्याच वेळा अनुभवली, कारण ‘एक दुभाषी असताना दुसरा, तोही ऐकू न येणारा, कशाला?’ हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. या भाषेचे खरे जाणकार कर्णबधिर लोक आहेत. दुभाष्यांना शिकवण्याचे आणि त्यांची पारख करण्याचे काम मोबदला देऊन त्यांच्याकडेच सोपवले गेले पाहिजे.

सिंहस्थाबद्दल माझे म्हणणे असे आहे. गर्दीचे सारे नियोजन ध्वनिक्षेपकावर उभे असते : रामकुंडाकडचा मार्ग बंद झाला, अमुक घाटाकडे वळा, अमुक नावाची व्यक्ती हरवली आहे. कर्णबधिर भाविकाला यांतले काहीच पोहोचत नाही. लोक अचानक का धावू लागले हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. २००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला, हे आपण विसरलेलो नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील स्नानपर्वांत दृक्‌ फलकांवरील प्रत्येक सूचनेसोबत पुरेशा मोठ्या आकारात सांकेतिक भाषा दिसली पाहिजे आणि मदत केंद्रे, हरवले-सापडले कक्ष, रुग्णालये व पोलीस चौक्या येथे दुभाषी उपलब्ध असले पाहिजेत. प्रत्येक ठिकाणी माणूस उभा करणे शक्य नाही हे मला मान्य आहे. नियंत्रण कक्षात पाळ्यांमध्ये दुभाषी बसवून चौक्यांना चित्रसंवादाने जोडता येईल. पण हे काम टोपी घातलेल्या स्वयंसेवकांकडून होणार नाही. त्यासाठी आत्तापासून माणसे निवडून, प्रशिक्षण देऊन, करार करून तयार ठेवावी लागतील.

माझ्या मागण्या सरळ आहेत. जिल्ह्यातील पात्र दुभाष्यांची, कर्णबधिर दुभाष्यांसह, एक अधिकृत यादी तयार करावी आणि सर्व कार्यालयांनी तिच्यातूनच दुभाषी बोलवावेत. दर तासाप्रमाणे ठरवावा, त्याला किमान दोन तासांची हमी असावी, प्रवास आणि प्रतीक्षेचा वेळ त्यात धरावा आणि देयक तीस दिवसांत अदा करावे; कोटेशनची पद्धत या कामासाठी बंद करावी. एक तासापेक्षा अधिक चालणाऱ्या कोणत्याही कामाला दोन दुभाषी असावेत. विषयाची माहिती किमान दोन दिवस आधी द्यावी. दुभाष्याला पंच किंवा साक्षीदार करू नये, याचे लेखी परिपत्रक काढावे. अत्याचाराच्या प्रकरणांत काम केलेल्या दुभाष्याला गोपनीयता राखून समुपदेशन मिळावे, कारण ते शब्द आम्ही ‘मी’ म्हणूनच बोलतो आणि ते घरी येतात. वर्षातून किमान दोनदा न्यायालयीन आणि वैद्यकीय विषयांवर पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण नाशिकमध्येच, कर्णबधिर प्रशिक्षकांच्या सहभागाने व्हावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायच्या पाच टक्के निधीतून यासाठी किती रक्कम वापरणार, हे जाहीर करावे. आणि या सर्वांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक सदस्य कर्णबधिर असावेत.

यांतली एकही मागणी दुभाष्यांवरील मेहेरबानी म्हणून मागितलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषेला स्थान दिले आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या साहाय्याने थेट सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. जे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात होऊ शकले ते नाशिकच्या तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि बाह्यरुग्ण विभागात व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

मला आलेल्या संदेशाला मी उत्तर दिले आहे : मी यायला तयार आहे, दुभाषी म्हणून, लेखी करारावर आणि जोडीदार दुभाष्यासह. या पत्राचे लेखी उत्तर एका महिन्यात मिळावे, ही विनंती. हेच पत्र मी सांकेतिक भाषेत चित्रित करून जिल्ह्यातील कर्णबधिर मित्रमैत्रिणींना पाठवले आहे, तेव्हा आपले उत्तरही त्यांना पाहता येईल अशा स्वरूपात असावे.

आपली नम्र,
भारतीय सांकेतिक भाषेची एक नोंदणीकृत दुभाषी
सातपूर, नाशिक